मामंजींचा ब्लॉक मिथायलेशनच्या चाचणीला पाठवायचा का?

प्रश्न : आम्ही निपाणीजवळच्या एका खेड्यात राहतो. माझ्या सासऱ्यांना (वय ६१) उजव्या टॉन्सिलचा कॅन्सर निघालाय. मानेत त्याच बाजूला दोन गाठी आहेत. रिपोर्टात 'पी-१६ पॉझिटिव्ह' लिहिलंय. हा व्हायरसमुळे झालेला दिसतो, अशा पेशंटना गुण चांगला येतो, असं डॉक्टर म्हणाले. मामंजींनी पंचवीस-तीस वर्षं विड्या ओढल्यात, तंबाखूही मळतात. केमो आणि रेडिएशन सांगितलंय. आता एका लॅबचा माणूस मागे लागलाय की ब्लॉक (बायोप्सीचा मेणात बसवलेला तुकडा) द्या, 'डीएनए मिथायलेशन पॅनेल' करू, आजार किती जहाल आहे ते कळेल, कदाचित रेडिएशनही कमी करता येईल. खर्च एका दुभत्या म्हशीच्या किमतीएवढा. हे म्हणतात म्हैस विकू, पण चाचणी करू. मी बी.एस्सी. केमिस्ट्री आहे. नेटवर वाचलं, पण गोंधळ वाढलाच. चाचणी करावी का? आणि घरातल्या मुलांना याची लागण होते का?

उत्तर : ताई, म्हैस विकू नका. मिथायलेशनचं, म्हणजे डीएनएवर चिकटणाऱ्या रासायनिक खुणांचं, शास्त्र खरं आहे, थोतांड नाही. पण घशाच्या या कॅन्सरमध्ये मिथायलेशनचा आकडा बघून उपचार कमी-जास्त करण्याची पद्धत आज कुठेही रूढ नाही. म्हणजे रिपोर्ट काहीही आला तरी मामंजींना केमो आणि रेडिएशन तेच मिळणार. उलट, याहून साधी आणि बहुतेक ठिकाणी बरीच स्वस्त असलेली एक चाचणी तुमच्या रिपोर्टात दिसत नाही. ती आधी करून घ्या. ती म्हणजे एचपीव्हीची, डॉक्टर म्हणाले त्या व्हायरसची, थेट तपासणी.

पी-१६ पॉझिटिव्ह म्हणजे व्हायरस सापडला, असं नव्हे. पी-१६ हे आपल्याच पेशीतलं प्रथिन. एचपीव्ही-१६ हा व्हायरस पेशीत ठाण मांडून बसला की ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिनं तयार करतो. पी-५३ आणि आरबी ही पेशीच्या वाढीला लगाम घालणारी आपली प्रथिनं. ई-६ पी-५३ला नष्ट करवतं, ई-७ आरबीला निकामी करतं. आरबीचा वचक गेला की पेशीत पी-१६ भरमसाट साठतं, आणि पॅथॉलॉजिस्टला स्लाइडवर तपकिरी रंगात तेच दिसतं. म्हणजे ही व्हायरसची अप्रत्यक्ष खूण झाली. आता गंमत बघा. तंबाखूने होणाऱ्या कॅन्सरमध्ये याच पी-१६चं जनुक बऱ्याचदा तुटलेलं, गळलेलं किंवा मिथायलेशनने बंद पडलेलं असतं, त्यामुळे तिथे रंग येत नाही. जनुक एकच, पण एका आजारात त्याचं प्रथिन उतू जातं आणि दुसऱ्यात जनुकच मुकं होतं. पी-१६ची चाचणी इतकी उपयोगी पडते ती यामुळेच.

तरी ती फसते. २०२३ साली अनेक देशांतल्या ७,६५४ पेशंटची माहिती एकत्र करून तपासली गेली, तेव्हा सुमारे ९ टक्के लोकांमध्ये पी-१६ आणि एचपीव्ही या दोन चाचण्यांचा मेळ बसला नाही. दोन्ही पॉझिटिव्ह असलेले ८१ टक्के पेशंट पाच वर्षांनी हयात होते, दोन्ही निगेटिव्ह असलेले ४० टक्के. आणि पी-१६ पॉझिटिव्ह पण एचपीव्ही निगेटिव्ह असलेले ५५ टक्के. 'गुण चांगला येतो' हे वाक्य दोन्ही पॉझिटिव्ह असलेल्यांना लागू पडतं. जिथे एचपीव्हीमुळे होणाऱ्या घशाच्या कॅन्सरचं प्रमाण कमी, तिथे हा बेबनाव जास्त दिसला. युरोप-अमेरिकेच्या मानाने भारतात हे प्रमाण कमीच आहे. त्यात आपला निपाणी-चिकोडी पट्टा विडी-तंबाखूचा, घराघरात तंबाखू मळणारे आणि मिश्री लावणारे. इथल्या माणसाचा नुसता पी-१६ रिपोर्ट बघून निश्चिंत होऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तेव्हा पॅथॉलॉजिस्टना आधी हे विचारा : पी-१६चा रंग किती टक्के पेशींमध्ये आहे? पेशीच्या केंद्रात आणि बाहेरच्या द्रवात, दोन्हीकडे आहे का? गडद आहे की फिकट? मान्य निकष असा की निदान ७० टक्के पेशींमध्ये, दोन्ही ठिकाणी, मध्यम ते गडद रंग हवा. '४० टक्के, फिकट' असं असेल तर ते पॉझिटिव्ह धरत नाहीत. नमुना टॉन्सिलमधून घेतला होता की मानेच्या गाठीतून सुईने, हेही विचारा. सुईच्या नमुन्यात पेशी थोड्या असतात आणि ७० टक्क्यांचा नियम तिथे तितका भरवशाचा नाही. शिवाय पी-१६वरून व्हायरसचा अंदाज बांधणं चालतं ते टॉन्सिल, जिभेचं मूळ, पडजिभेचा भाग एवढ्यापुरतंच. स्वरयंत्र किंवा गालाच्या कॅन्सरमध्ये पी-१६ रंगलं तरी त्याचा हा अर्थ लावायचा नाही.

त्यानंतर त्याच ब्लॉकवर एचपीव्हीची तपासणी. सगळ्यांत भरवशाची म्हणजे ई-६/ई-७चा आरएनए थेट स्लाइडवर दाखवणारी 'इन सिटू हायब्रिडायझेशन'. ती होत नसेल तर डीएनएची पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढून शोधणारी चाचणी), पण तिची खोड माहीत असू द्या. पीसीआर इतकी तिखट असते की काप घेणाऱ्या पात्यावर आधीच्या पेशंटचा कण राहिला किंवा नुसताच येऊन-जाऊन राहिलेला व्हायरस असला, तरी पॉझिटिव्ह येते. म्हणून पीसीआर एकटी वाचत नाहीत, पी-१६च्या जोडीने वाचतात. बेळगावात सोय नसेल तर तिथले डॉक्टर ब्लॉक मुंबई किंवा बंगळूरला पाठवायची व्यवस्था सांगतील.

आता मिथायलेशन. तुम्ही केमिस्ट्रीच्या, म्हणून थोडं खोलात सांगतो. डीएनएच्या अक्षरांपैकी सायटोसिनच्या पुढे ग्वानिन असेल, तर त्या सायटोसिनच्या पाचव्या कार्बनवर मिथाइल गट चिकटू शकतो. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात असे गट दाटले की ते जनुक बोलायचं थांबतं. अक्षरं तीच राहतात, वाचन बंद होतं. एचपीव्हीचं ई-७ हे मिथाइल गट लावणाऱ्या डीएनएमटी-१ या एन्झाइमला चिकटून त्याचा वेग वाढवतं. म्हणून व्हायरसच्या कॅन्सरमध्ये मिथायलेशनचा नमुना तंबाखूच्या कॅन्सरपेक्षा वेगळा दिसतो. व्हायरसचा स्वतःचा सुमारे ७,९०० अक्षरांचा डीएनएही मिथायलेट होतो, विशेषतः एल-१ आणि एल-२ या भागांत. २०१३ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी पाच जनुकांचा नमुना मांडला : एएलडीएच१ए२ आणि ओएसआर२ यांचं मिथायलेशन कमी, जीएटीए४, जीआरआयए४ आणि आयआरएक्स४ यांचं जास्त, अशा पेशंटचं आयुर्मान चांगलं निघालं. पुढे इतरांनी इतर जनुकं सुचवली. अडचण अशी की जुन्या साठवलेल्या नमुन्यांवर काढलेला हा संबंध, आणि 'हा आकडा बघून उपचार बदलले तर पेशंटचा फायदा होतो' हे दाखवणारी चाचणी, यांत फार अंतर असतं. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमात ते अंतर कापलं गेलंय. तिथे एमजीएमटी जनुकाचं मिथायलेशन बघून, विशेषतः वयस्कर पेशंटमध्ये, टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध द्यायचं की नुसतं रेडिएशन हे ठरवतात. घशात अजून तसं झालेलं नाही. लॅबचा माणूस मेंदूचं उदाहरण घशाला लावत असेल, तर त्याला इथेच थांबवा.

आणि चाचणी बिघडते कुठे? तर बहुतेक वेळा नमुन्यातच. मिथाइल गट वाचायला डीएनएवर बायसल्फाइटची प्रक्रिया करतात. मिथाइल नसलेलं सायटोसिन युरॅसिल होतं आणि पुढे थायमिन म्हणून वाचलं जातं. मिथाइल असलेलं तसंच राहतं. आम्लात आणि उष्णतेत काही तास चालणारी ही प्रक्रिया डीएनएचे तुकडे करते, आणि ब्लॉकमधला डीएनए फॉर्मलिनने (तुकडा टिकवायच्या द्रावणाने) आधीच तुटलेला असतो. तो फार तुटला तर चाचणी चालतच नाही. प्रक्रिया अर्धवट झाली तर न बदललेलं साधं सायटोसिन 'मिथायलेटेड' म्हणून मोजलं जातं, म्हणजे खोटा पॉझिटिव्ह. म्हणून प्रत्येक खेपेला पूर्ण मिथायलेटेड आणि अजिबात मिथायलेटेड नसलेला, असे दोन तुलनेचे डीएनए सोबत चालवावे लागतात.

दुसरी गोम टॉन्सिलची. टॉन्सिल म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं आगर, कॅन्सरच्या पेशी त्यांच्यात मिसळलेल्या असतात. समजा, मामंजींच्या गाठीतल्या प्रत्येक कॅन्सर पेशीत एखादं जनुक पूर्ण मिथायलेटेड आहे. कापात कॅन्सर पेशी २० टक्के असतील तर आकडा येईल साधारण २०. पॅथॉलॉजिस्टने खूण करून दिलेला, ८० टक्के कॅन्सर पेशींचा भाग खरवडून घेतला तर तीच गाठ ८० दाखवेल. रिपोर्टात कॅन्सर पेशींचं प्रमाण लिहिलेलं नसेल तर मिथायलेशनच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. त्यात वय आणि धूम्रपान यांनीही मिथायलेशन बदलतं. तीस वर्षं विडी ओढलेल्या एकसष्ट वर्षांच्या माणसाचा आकडा परदेशातल्या धूम्रपान न करणाऱ्यांवर ठरवलेल्या सीमारेषेला लावून बघणं मुळातच चूक.

रेडिएशन कमी होईल या आशेबद्दल. एचपीव्हीच्या पेशंटमध्ये उपचार सौम्य करायचे प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालेत. सिस्प्लॅटिन या केमोच्या नेहमीच्या औषधाऐवजी सेटुक्सिमॅब हे दुसरं औषध देऊन पाहिलं. २०१८ च्या अखेरीस दोन चाचण्यांचे निकाल आले आणि दोन्हींत सेटुक्सिमॅबच्या गटात जगण्याचं प्रमाण कमी निघालं. नंतर रेडिएशनचा डोस ७० ग्रेऐवजी ६० ग्रे (ग्रे हे त्या डोसचं माप) देऊन पाहिलं, तोही गट ७० ग्रेच्या बरोबरीला आला नाही. या ६० ग्रेच्या चाचणीत घेतलेले पेशंट होते सुरुवातीच्या आजाराचे आणि अगदी कमी ओढणारे : रोज २० सिगरेटींचं एक पाकीट, असं जास्तीत जास्त दहा वर्षं. मामंजी त्यात बसलेच नसते. २०१० च्या अमेरिकेतल्या अभ्यासातही, व्हायरस असूनही याहून जास्त ओढलेल्या आणि मानेत अनेक गाठी असलेल्यांचा तीन वर्षांनी हयात असण्याचा आकडा ९३ वरून ७१ टक्क्यांवर आला होता. म्हणून डॉक्टरांना विड्यांचा खरा हिशेब द्या, रोज किती बंडलं आणि किती वर्षं. लाजेपोटी निम्मा सांगू नका. त्या आकड्याला मिथायलेशनच्या पॅनेलपेक्षा कितीतरी जास्त वजन आहे.

ब्लॉकविषयी मात्र जपून. टॉन्सिलची बायोप्सी तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि ती संपते. तिच्यावर आधी पी-१६, मग एचपीव्ही, मग दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलचं मत, आणि त्यातून उरलं तर बाकीचं. अख्खा ब्लॉक लॅबच्या माणसाच्या हातात देऊ नका. चाचण्यांना लागतात ते काप : एचपीव्हीसाठी ४-५ मायक्रॉनचे, न रंगवलेले, चार्ज्ड स्लाइडवरचे आठ-दहा. डीएनए काढायचा असेल तर १० मायक्रॉनचे चार-पाच पापुद्रे स्वच्छ नळीत. ब्लॉक न्यावाच लागला तर पॅथॉलॉजी विभागाकडून ब्लॉक नंबर लिहिलेली पावती घ्या आणि परत किती दिवसांत मिळेल ते विचारून ठेवा. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण मऊ पडतं. पुन्हा बायोप्सी घ्यायची वेळ आलीच तर तुकडा सलाइनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये टाकलेला नको, १० टक्के बफर्ड फॉर्मलिनच हवं, तुकड्याच्या दहापट. त्यात तो ६ ते ७२ तास राहावा. सणावाराच्या सुट्टीत आठवडाभर फॉर्मलिनमध्ये पडलेला किंवा बफर नसलेल्या आंबट फॉर्मलिनमधला तुकडा स्लाइडवर बरा दिसतो, पण त्याच्यातल्या डीएनएची वाट लागलेली असते.

इतकं वाचूनही घरातल्यांचं समाधान होत नसेल तर लॅबला लेखी विचारा : कोणती जनुकं, कोणत्या पद्धतीने, सीमारेषा काय आणि ती कोणत्या पेशंटवर ठरवली? एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता या नेमक्या चाचणीला आहे का? मान्यता लॅबच्या नावाला सरसकट मिळत नाही, कोणत्या चाचण्यांना आहे याची यादी असते. ती मागा. 'रिपोर्ट आल्यावर डॉक्टर काय बदलतील?' हा शेवटचा प्रश्न लॅबला नको, तुमच्या रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा. एखाद्या हॉस्पिटलात मिथायलेशनवर संशोधन चालू असेल तर खुशाल नमुना द्या, पण तिथे चाचणीचे पैसे पेशंटने द्यायचे नसतात आणि संमतीपत्र वेगळं असतं. ते कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल तर मराठीत समजावून मागा. तो तुमचा हक्क आहे.

रक्ताच्या चाचणीचंही कोणी सुचवेल. रक्तातला एचपीव्हीचा डीएनए मोजणाऱ्या चाचण्या आहेत, उपचारानंतर आजार परततोय का हे बघायला त्या उपयोगी ठरू लागल्यात. त्यांच्या नावात कधी 'मॉडिफाइड' असा शब्द असतो, पण तिथे मिथायलेशन मोजत नाहीत, गाठीतून सुटलेल्या व्हायरस डीएनएच्या तुकड्यांची लांबी आणि प्रमाण बघतात. नाकामागच्या घशाच्या कॅन्सरच्या रक्तचाचणीशी याची गल्लत करू नका, त्यात वेगळा व्हायरस असतो, ईबीव्ही. हाँगकाँगमध्ये २०,१७४ पुरुषांच्या रक्तात त्याचा डीएनए शोधून ३४ जणांचा कॅन्सर पकडला, तो अभ्यास २०१७ चा. तो आजार निराळा. आपल्या भागात तो क्वचित, भारतात मुख्यतः नागालँडकडे.

म्हशीचे पैसे लागतीलच, ते सात आठवड्यांच्या उपचारात. ७० ग्रे म्हणजे ३५ खेपा, आठवड्याला पाच. मध्ये पडलेला प्रत्येक दिवस आजार आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने कमी करतो. तेव्हा मोठ्या नावापेक्षा रोज पोचता येईल अशी जागा बघा. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव ७५. दोन्हीकडे रेडिएशनची सोय आहे. सुरू व्हायच्या आधी दातांचे डॉक्टर दाखवा. काढायचे दात निदान दोन आठवडे आधी काढलेले हवेत, नंतर काढले तर जबड्याचं हाड सडू शकतं. सिस्प्लॅटिनआधी किडनी आणि कानांची तपासणी. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा, घास उतरेनासा झाला तर जेवणाच्या नळीला नाही म्हणू नका. आणि विडी-तंबाखू आजच बंद. रेडिएशन चालू असताना ओढत राहिलं तर त्याचा गुण कमी येतो.

योजनांचं : कर्नाटकात आयुष्मान भारत - आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, त्यासाठी आधी सरकारी हॉस्पिटलचं रेफरल पत्र घ्या. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना जाहीर केली आहे. कोल्हापूरला जाणार असाल तर भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला गावाचं नाव आणि रेशन कार्ड दाखवून खात्री करा. मिथायलेशनच्या चाचणीला मात्र कुठल्या योजनेतून पैसे मिळतील, असं धरून चालू नका.

मुलांची काळजी नको. एका ताटात जेवल्याने, एका कपातून चहा प्यायल्याने हा आजार होत नाही. घशातला एचपीव्ही मुख्यतः मुखमैथुनातून येतो, तोही कॅन्सर दिसायच्या कित्येक वर्षं आधी. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. त्यावरून घरात कोणी कोणाकडे बोट दाखवू नये. सासूबाईंना वेगळी औषधं लागत नाहीत, गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी पुरे. मुलं ९ ते १४ वर्षांची असतील तर मुलगा असो की मुलगी, लस घ्या : दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. १५ ते २६ वयात तीन डोस, पहिल्यानंतर दोन महिन्यांनी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक एचपीव्ही ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर चालते, आणि मामंजींसारख्या आजारात बहुतेक वेळा सापडतो तो १६. मामंजींना ती लस देऊन आता उपयोग नाही.